'इथं करमतं का?' हे आकड्यात कसं मोजायचं

सोलापूरच्या अशोक चौकामागच्या एका गल्लीतलं घर. तेलंगणातल्या सिरिसिल्ल्याहून लग्न होऊन आलेली सून उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. समोर माझी एम.ए.ची विद्यार्थिनी प्रश्नावली वाचून दाखवत होती. 'नव्या सांस्कृतिक मूल्यांशी समायोजन साधताना मला अस्वस्थता जाणवते. पूर्णतः असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्णतः सहमत.' सुनेचे हात विड्या वळत राहिले. उत्तर आतून सासूबाईंनी दिलं, 'काय नाही हो, मस्त हाय ती. मधलं लिहा.' मग पुढच्या प्रश्नालाही मधलं. छत्तीसच्या छत्तीस प्रश्नांना तिसरा पर्याय. एकूण गुण १०८. जपमाळेला शोभेल असा आकडा, मोजमाप म्हणून कवडीमोल.

चूक त्या मुलीची नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी बनवलेली प्रश्नावली पुस्तकी मराठीत उतरवून पूर्व भागातल्या, म्हणजे शहरातल्या तेलुगू विणकर वस्तीतल्या, एका घरात नेण्याला होकार मीच दिला होता. त्यानंतर काही वर्षांत जे सुधारत गेलो ते इथं क्रमानं लिहिते आहे. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना, वसतिगृहाच्या रेक्टरना, बाहेरगावची माणसं कामावर घेणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसला आणि ज्यांचं पोर म्युनिकला किंवा बंगळुरूला गेलंय त्यांनाही हे वापरता येईल. नव्या गावात, नव्या माणसांत आल्यावर जो ताण येतो त्याला पुस्तकांत जड जड नावं आहेत. मी त्याला 'रुळण्याचा ताण' म्हणते, कारण सोलापुरात कुणालाही विचारा, 'रुळलीस का गं?' हा प्रश्न कळतो.

आधी ठरवा, मोजायचंय काय

इथं बहुतेक जण घसरतात. तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात.

पहिली गोष्ट म्हणजे काय काय बदललं. घर, भाषा, जेवण, नोकरी, हवामान. ही घडामोडींची यादी. होम्स आणि राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घडामोडींना गुण दिले, जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, राहतं घर बदलण्याला २०. आपल्याकडे गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीय माणसांसाठी ५१ घडामोडींची यादी केली. पण घडामोड म्हणजे ताण नव्हे. त्याच लग्नानं एक सून फुलते, दुसरी वाळते.

दुसरी गोष्ट, मनाला काय होतंय. झोप, चिडचिड, रडू, जीव न रमणं. आणि तिसरी, जमतंय का. रिक्षावाल्याशी बोलता येतं का, बँकेत फॉर्म भरता येतो का, शेजारणीकडे वाटीभर साखर मागता येते का. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड यांनी सहकाऱ्यांसोबत केलेल्या कामातून या दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक स्पष्ट केला, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. मनाचं बरं असणं एक आणि व्यवहार जमणं दुसरं. दोन्ही बहुधा हातात हात घालून चालतात, पण नेहमी नाही.

हे समजायला आपल्याच गावचा माणूस आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी १९४१ मध्ये लग्न केलं, मुलगा झाला. व्यवहार जमण्याच्या कुठल्याही पट्टीवर पैकीच्या पैकी गुण. तब्येत मात्र कामाच्या रेट्यात ढासळत गेली आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. कुणी नुसतं 'भाषा येते का, मित्र आहेत का' एवढंच विचारलं असतं तर सगळं उत्तम दिसलं असतं. म्हणून दोन पट्ट्या हव्यात, एक मनाची आणि एक व्यवहाराची.

कोणाला कोणती पट्टी

नव्या संस्कृतीत रुळण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांच्या कामानंतर या विषयावर प्रश्नावल्यांचा ढीग पडला. मला कामाला आलेल्या एवढ्याच.

परदेशात शिकायला गेलेल्यांसाठी संधू आणि असराबादी यांची १९९४ ची प्रश्नावली. ३६ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. यातली ८ विधानं दुजाभावाबद्दल, ४ घरच्या ओढीबद्दल, ५ लोक तिटकारा करतात या भावनेबद्दल, ४ भीतीची, ३ बदलाच्या धक्क्याची, २ अपराधी वाटण्याची आणि १० इतर. तुमचा भाचा जर्मनीत असेल तर हीच घ्या. सिरिसिल्ल्याच्या सुनेला ही देऊ नका, मी दिली होती.

स्थलांतर करून स्थायिक झालेल्यांसाठी मेना, पडिला आणि माल्डोनाडो यांची १९८७ ची २४ विधानांची पट्टी आहे. ती समाज, दृष्टिकोन, कुटुंब आणि परिसर अशा चार बाजूंनी विचारते. मूळ अमेरिकेतली आहे, पण ही चार खाती आपल्याकडेही चालतात. विशेषतः 'कुटुंब', कारण आपल्याकडे निम्मा ताण त्याच खात्यात जमा होतो.

तिसरी सगळ्यांना लागते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची 'जाणवणारा ताण' मोजणारी पट्टी. आता बहुतेक जण तिची १० प्रश्नांची आवृत्ती वापरतात. गेल्या महिनाभरात किती वेळा असं वाटलं, एवढंच ती विचारते, ० ते ४ गुण. संस्कृतीचा तिच्यात उल्लेखही नाही, आणि तोच तिचा फायदा. नव्या गावात आलेली आणि इथंच जन्मलेली, दोघींना तीच प्रश्नावली देता येते आणि तुलना करता येते. ही तुलना नसेल तर तुम्ही रुळण्याचा ताण मोजताय की सोलापूरचा मे महिना, ते कळायचं नाही.

वापरण्याआधी मूळ लेखकांची परवानगी बघा. अभ्यासासाठी अनेक पट्ट्या मोकळ्या असतात, सगळ्या नसतात. मराठी अनुवाद आधी झालाय का तेही शोधा. दुसऱ्यानं घाम गाळला असेल तर आपण कशाला गाळायचा.

सुनेसाठी, विडी कामगार बाईसाठी, चिंचोळी एमआयडीसीत आलेल्या बिहारी पोरासाठी तयार कपडा शोधत बसू नका. कोहेनची १० आणि तुमची स्वतःची १०-१२ विधानं एवढं पुरे. स्वतःची कशी करायची ते पुढे.

प्रश्न मराठीत आणणं

माझं मत विचाराल तर सगळं यश-अपयश या एका पायरीवर आहे. माणूस ज्या भाषेत चिडतो, त्या भाषेत त्याला विचारायला हवं. सोलापुरात हे सोपंही आहे आणि अवघडही. एकाच गल्लीत घरात तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि मित्रांत दखनी उर्दू बोलणारी माणसं राहतात. तो मराठी फाडफाड बोलतो म्हणून मराठी प्रश्नावली दिली, असं करू नका. रडताना कुठली भाषा तोंडात येते ते विचारा.

रीत जुनी आहे, ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती नीट मांडली. एकानं अनुवाद करायचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं तो उलटा मूळ भाषेत न्यायचा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. आम्ही एकदा घरच्या ओढीबद्दलच्या विधानाला 'मला घराची ओढ वाटते' असं लिहिलं. उलटा अनुवाद आला, 'माझं माझ्या घरावर प्रेम आहे.' म्हणजे त्रासाचं कौतुक झालं! त्यावर बरीच खलबतं झाली. शेवटी बार्शीकडची एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, सरळ करमत नाही म्हणा की.' करमत नाही. या दोन शब्दांत घर, एकटेपण, उदासी आणि नवं गाव सगळं आलं. तेलुगूत याच्या जवळचा शब्द 'बेंग'. माहेरच्या आठवणीनं पोरीनं बेंग घेतली म्हटलं की पूर्व भागातल्या आजीबाईला पुढचं सांगावं लागत नाही.

'ताण' हा शब्दही तपासा. प्रश्नावलीत तो असतो, तोंडात नसतो. लोक 'टेन्शन' म्हणतात, 'डोक्याला ताप' म्हणतात, नाहीतर अंगावर आणतात. डोकं धरलंय, छातीत धडधडतंय, भूक मेली, हातापायांत जीव नाही. मनाचं विचारलं की 'बरं हाय की', आणि डोकं दुखतं का विचारलं की पाऊण तास. म्हणून शरीराची दोन-तीन विधानं हवीतच.

मराठीच्या काही खास खोड्या आहेत, त्या सांगून ठेवते. नकारार्थी विधान टाळा. 'तुम्हाला इथं करमत नाही का?' याला कुणी 'हो' म्हटलं तर करमतं की करमत नाही? आणि 'नाही' म्हटलं तर? दोन्हीचे दोन्ही अर्थ निघतात. 'इथं करमतं, असं गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं' असं विचारा आणि गुण उलटे मोजा. दुसरी खोडी लिंगाची. 'मी एकटा/एकटी पडलो/पडले' अशा तिरप्या रेघा प्रत्येक ओळीत आल्या की वाचणारा कंटाळतो. 'मला एकटं एकटं वाटतं' हे दोघांनाही चालतं. 'मी गोंधळतो/गोंधळते' ऐवजी 'माझा गोंधळ उडतो'. तिसरी, एका विधानात एकच गोष्ट. 'इथलं जेवण आणि भाषा मला जमते' याला काय उत्तर देणार? शेंगाचटणी आवडते, पण बोलताना ततपप होते.

तेलुगू अनुवाद करताना आम्ही हैदराबादच्या वर्तमानपत्रासारखी भाषा वापरली होती. इथली तेलुगू तशी नाही, तिच्यात मराठी पाणी पुष्कळ मुरलंय. ऐकणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, 'बातम्या वाचायला लागलाव काय?' शेवटी त्यांच्याच मुलीनं विधानं बोलून दाखवली आणि आम्ही ती लिहून घेतली.

स्वतःची विधानं करायची असतील तर आठ-दहा जणांशी निवांत गप्पा मारा आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा. आमच्या वहीत आलेली काही: नळाला पाणी कधी येणार हे मला कळतं आणि भरून ठेवता येतं. (काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे सोपं काम नाही.) माझ्या बोलण्याच्या हेलाला लोक हसतात. सणाला काय करायचं हे विचारायला हक्काचं माणूस आहे. भाड्यानं खोली बघताना आधी आडनाव विचारतात. आणि एक, जे कुठल्याच परदेशी पट्टीत मला या शब्दांत सापडलं नव्हतं: घरी फोनवर 'मी बरी आहे' असं खोटं सांगावं लागतं. हे विधान वाचलं की समोरची व्यक्ती क्षणभर थांबते. जिथं माणूस थांबतो ते विधान ठेवा.

मग १०-१५ जणांवर कच्ची चाचणी. उत्तर नको, अर्थ विचारा. 'हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा.' तीन जणांनी तीन अर्थ सांगितले तर वाक्य बाद.

उत्तर घेताना

'पूर्णतः सहमत' असं कुणी बोलतं का? 'कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी' हे बरं. वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही पाच पेले ठेवतो. एक रिकामा, मग पाव, अर्धा, पाऊण, काठोकाठ भरलेला. 'किती वाटतं ते पेल्यावर बोट ठेवून दाखवा.' साधं वाटेल, पण बोट ठेवायला भाषा लागत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जात नाही.

सासूबाईंचा प्रश्न असा सुटतो. विचारायला दोघींनी मिळून जावं. एक सासूबाईंशी बोलत बसावी, त्यांचीही एक प्रश्नावली भरून घ्यावी. त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नसतं. दुसरी सुनेसोबत. वसतिगृहात रेक्टर खोलीत नसाव्यात, कारखान्यात सुपरवायझर नसावा. सगळी उत्तरं एकाच रांगेत आली तर तो कागद बाजूला काढा, एक-दोन उलटी विधानं पेरलेली असली की अशी रांग लगेच दिसते.

केव्हा मोजायचं

एकदाच मोजलं तर ते मोजमाप नव्हे, फोटो आहे. स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९५५ मध्ये अमेरिकेला जाऊन आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांवरून एक कल्पना मांडली, आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानंही सांस्कृतिक धक्क्याचे असेच टप्पे सांगितले होते. चित्र देखणं आहे, पुढच्या अभ्यासांत मात्र ते नेहमी जुळलं नाही. अनेकांना पहिले काही आठवडेच सगळ्यात जड जातात. सुरुवातीचा उत्साह, म्हणजे 'हनिमूनचा काळ', असं समजून पहिल्या महिन्यात दुर्लक्ष करणं हा त्या देखण्या चित्राचा तोटा.

मी असं करते: आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात एक मोजणी, ती केवळ तुलनेचा पाया म्हणून. मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. माणूस गाव सोडायच्या आधीच गाठता आला तर सोन्याहून पिवळं.

तारखा निवडताना पंचांग आणि परीक्षेचं वेळापत्रक दोन्ही बघा. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, गड्ड्यावर पाळणे फिरत असताना कुणाला विचाराल तर करमतंच की! दिवाळीला घरी जाऊन आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी विचारलं तर उलट. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना झोप कुणालाच लागत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या आठवड्यात पूर्व भागात प्रश्नावली घेऊन गेलात तर पाहुणचार होईल, मोजमाप होणार नाही.

बेरीज

इथं चुका फार होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवते. कोहेनच्या १० प्रश्नांपैकी ४, ५, ७ आणि ८ हे चांगल्या बाजूचे आहेत. त्यांचे गुण उलटवायचे, ० चे ४, १ चे ३, २ तसेच, ३ चे १, ४ चे ०.

समजा एका मुलीची उत्तरं क्रमानं अशी आहेत: ३, ३, २, १, २, ३, २, १, ३, २. तशीच बेरीज केली तर २२. उलटवल्यावर चौथा १ चा ३ होतो, पाचवा आणि सातवा २ च राहतात, आठवा १ चा ३. बेरीज २६. कमाल ४०. विद्यार्थ्यांच्या दर तिसऱ्या वहीत मला २२ सापडतो. २६ म्हणजे 'आजार' असा अर्थ मात्र काढू नका, ही पट्टी रोगनिदानाची नाहीच. शेजारच्या माणसाशी किंवा स्वतःच्या मागच्या आकड्याशी तुलना करण्यासाठी ती आहे.

३६ विधानांच्या प्रश्नावलीत दुसराच सापळा आहे. तिथं सगळ्यात कमी गुण ० नसून ३६ असतात, जास्तीत जास्त १८०. कुणाला ७२ मिळाले तर '७२ भागिले १८०, म्हणजे ४० टक्के' असं लिहितात. चूक. ३६ वजा करा, उरले ३६, आणि पल्ला आहे १४४. म्हणजे २५ टक्के. त्यापेक्षा एका विधानाची सरासरी काढा, ७२ भागिले ३६ म्हणजे २, 'असहमत'च्या आसपास. पोटविभागांतही सरासरीच वापरा. घरच्या ओढीत १६ आणि दुजाभावात १६ हे सारखे दिसतात, पण ओढीची विधानं ४ आणि दुजाभावाची ८. एकाची सरासरी ४, दुसऱ्याची २. ती मुलगी लोकांमुळे त्रस्त नाही, तिला घर हवंय.

एखाद-दुसरं उत्तर राहिलं असेल तर बाकीच्यांची सरासरी चालते. चौथाई विधानं कोरी असतील तर कागद बाद, पण कोरी कोणती ते बघून ठेवा. न दिलेलं उत्तरही काहीतरी सांगत असतं.

फरक खरा की भास

जूनमध्ये ९६, सप्टेंबरमध्ये ८८. ताण कमी झाला का? पेढे वाटायच्या आधी थोडं गणित.

प्रत्येक पट्टीत थोडी डुगडुग असते, वजनकाट्यावर हवेनं पारडं हलतं तशी. ती काढायला दोन आकडे लागतात, तुमच्या गटाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) आणि पट्टीची विश्वासार्हता (ती किती भरवशानं मोजते ते). विश्वासार्हतेसाठी बहुतेक जण क्रोनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका बरा) काढतात, ०.७० च्या खाली असेल तर पट्टीवरच शंका घ्यावी. समजा विचलन २० आणि अल्फा ०.९१. एकातून ०.९१ वजा केले, ०.०९. त्याचं वर्गमूळ ०.३. गुणिले २०, म्हणजे ६. ही एका मोजणीची डुगडुग. दोन मोजण्यांतल्या फरकासाठी ६ ला २ च्या वर्गमुळानं गुणा, साधारण ८.५. आणि ९५ टक्के खात्री हवी तर १.९६ नं, साधारण १६.६. म्हणजे एका व्यक्तीचे गुण १७ नी तरी हलले तर बदल झाला म्हणा. ९६ चे ८८ झाले तर गप्प बसा आणि पुन्हा मोजा.

चाळीस जणांच्या सरासरीत मात्र ८ चा फरक मोठा ठरू शकतो, कारण तिथं एकेकाची डुगडुग एकमेकांत विरते. व्यक्तीचा नियम गटाला आणि गटाचा व्यक्तीला लावू नका.

आकड्याच्या शेजारी काय लिहायचं

आकडा एकटा ठेवू नका. मी चार साध्या नोंदी मागते: आठवड्यात घरी किती फोन, किती जेवणं चुकली, किती रात्री झोप मोडली, महिन्यात किती वेळा गावी पळाली. शेवटची नोंद माढा-मोहोळच्या मुलींबाबत फार बोलकी असते, गाडी पकडली की तासा-दोन तासांत घर.

आणि बेरींचे दोन प्रश्न जरूर विचारा. आपलं जुनं जपावंसं वाटतं का? इथल्यांत मिसळावंसं वाटतं का? दोन्हीला हो म्हणणारे, फक्त जुनं धरणारे, जुनं टाकून इथले होणारे आणि दोन्हीकडून तुटलेले असे चार गट पडतात. साधारणपणे दोन्हीला हो म्हणणाऱ्यांचं बरं चालतं, दोन्हीकडून तुटलेल्यांचं सगळ्यात वाईट. सोलापूरकराला हे वेगळं शिकवायची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू बोलत, बतुकम्मा हा फुलांचा सण खेळत, मराठी शाळेत शिकत आणि चादरीच्या मागावर उभं राहत पद्मशाली समाजानं ते करून दाखवलंय. एक मात्र विसरू नका, दोन्हीला हो म्हणणं एकट्या पाहुण्याच्या हातात नसतं. मिसळायला आलेल्याला गावानं जागा द्यावी लागते. म्हणून 'भाड्यानं खोली देताना आडनाव विचारतात' या विधानाला जास्त गुण पडले तर समुपदेशन त्या मुलीचं करायचं नाही, घरमालकाशी बोलायचं.

शेवटी पैशाचा एक प्रश्न हवाच. मेसचे पैसे थकले म्हणून आलेला ताण आणि भाषा येत नाही म्हणून आलेला ताण चेहऱ्यावर सारखाच दिसतो.

हद्द ओळखा

कागदावर नाव नको, क्रमांक. नावांची यादी वेगळी, कुलुपात. 'नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही' हे आधी सांगा आणि खरंच काही बिघडू देऊ नका. रेक्टर, मालक, सासर यांना एकेकीचे गुण कधीही द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलून मागितले तरी.

कुणाचे आकडे दोन मोजण्यांत सतत वर असतील, जेवणझोप बिघडली असेल, किंवा 'जगून काय करायचं' असं काही बोलणं निघालं तर प्रश्नावली तिथंच मिटा. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. त्याच दिवशी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. योगायोग असा की १० ऑक्टोबर ही कोटणीसांचीही जन्मतारीख.

निकाल परत देताना

एका वसतिगृहात आम्ही मोजणी केली तेव्हा व्यवस्थापनाला एकच सरासरी हवी होती, अहवालात लिहायला. मी ती दिली नाही. सगळ्यात जास्त गुण पडलेली तीन विधानं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. पहिलं भाषेचं असेल असं सगळ्यांना वाटत होतं, ते सातवं निघालं. पहिलं होतं, 'घरी फोनवर खोटं सांगावं लागतं.' विचारल्यावर कळलं की फोनला परवानगी संध्याकाळी अर्धा तास, तीही सगळ्यांना एकदम, एकाच जिन्यात. आई 'कशी आहेस' विचारते तेव्हा कानाशी सहा मुली उभ्या. तिथं खरं कोण बोलणार?

वेळ बदलली. आता मुली गच्चीवर जाऊन बोलू शकतात, रात्री नऊपर्यंत. मुलींनाही तोच कागद दाखवला, कारण आकडे त्यांचे होते. त्यातली एक म्हणाली, 'म्हणजे सगळ्याच खोटं बोलत होतो की आपण,' आणि हसल्या सगळ्या.

ताण कमी झाला का, ते सांगता येणार नाही. सहा आठवड्यांची मोजणी गणपतीत आली, ती मी धरली नाही. पुढची सप्टेंबरअखेर आहे.